पाच द्वारांचे इंजिन : एका लहान मोटारीच्या निष्कास-नळीच्या निवडीचा इतिहास

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने मोटारीच्या इंजिनास जोडावयाच्या नळीविषयी लिहावे, ह्यात औचित्य ते कोणते, असा प्रश्न वाचकाने केल्यास तो गैर म्हणता येणार नाही. आम्ही ह्या विषयाकडे वळलो ते एका पत्रामुळे. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आमच्या एका स्नेह्यांकडे १९७२ सालची एक मिनी मोटार आहे. तिच्या इंजिनाचा मूळचा बिडाचा मॅनिफोल्ड तडकला, तेव्हा त्यांनी एका विक्रेत्याच्या शिफारशीवरून शर्यतीच्या गाड्यांना लावतात तसला नळ्यांचा मॅनिफोल्ड विकत घेऊन बसविला. गाडीचा आवाज वाढला. परंतु चढावर, इंजिन संथ फिरत असता, पूर्वी असलेली ओढ नाहीशी झाली. त्यानंतर त्यांस दुसऱ्या एका प्रकाराचे नाव सुचविण्यात आले. ते नाव 'लाँग सेंटर ब्रँच', म्हणजे लांब मधली शाखा, असे होते. "नावाचा अर्थ तुम्ही सांगा, नळीचे मी पाहून घेईन," असे त्यांनी आम्हांस लिहिले. अर्थ सांगावयास आम्ही बसलो, आणि नळीचा इतिहास समजल्यावाचून नावाचा अर्थ लागत नाही असे दिसून आले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या पत्राचे विस्तृत उत्तर होय.

विषयाची मर्यादा प्रथम सांगितली पाहिजे. येथे विचार करावयाचा आहे तो ब्रिटनमधील ऑस्टिन कंपनीने १९५१ साली प्रचारात आणलेल्या आणि पुढे 'ए-सीरीज' ह्या नावाने प्रसिद्धी पावलेल्या चार सिलिंडरांच्या इंजिनाचा. ऑस्टिन ए-३० ह्या गाडीत ते ८०३ घनसेंटिमीटर आकारमानाचे होते. १९५२ साली ऑस्टिन आणि मॉरिस हे दोन उद्योग एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, म्हणजे बी.एम.सी., ही संस्था झाली आणि त्याच वर्षी हे इंजिन मॉरिस मायनरमध्येही बसविले जाऊ लागले. १९५६ साली ते ९४८ घनसेंटिमीटरांचे झाले. १९५९ साली मिनीमध्ये ८४८ घनसेंटिमीटरांचे आणि ३४ अश्वशक्तीचे इंजिन आले. १९६१ च्या कूपर प्रकारात ९९७ घनसेंटिमीटर व ५५ अश्वशक्ती, आणि १९६३-६४ मधील कूपर-एस प्रकारात १,०७१, ९७० व १,२७५ घनसेंटिमीटर अशी वाढ होत गेली. मिनीचे उत्पादन २००० सालच्या ऑक्टोबरात थांबले, तोवर ह्या घराण्याचे इंजिन तिच्यात होते. जुन्या मिनी, स्प्राइट आणि मायनर गाड्या जतन करणारा मोठा वर्ग आजही असल्यामुळे तिच्या मॅनिफोल्डचा प्रश्न केवळ ऐतिहासिक राहिलेला नाही.

आता शब्दांकडे वळू. इंग्रजीतील 'एक्झॉस्ट' हा शब्द लॅटिनमधून आला. त्यातील 'हाउरिरे' ह्या धातूचा अर्थ पाणी काढणे, शेंदणे असा आहे आणि 'एक्स' म्हणजे बाहेर. मराठीत ह्यास नेमका प्रतिशब्द 'उपसणे' हा होय. विहीर उपसली म्हणजे रिकामी होते. त्याच अर्थाने इंग्रजी माणूस थकला म्हणजे तो 'एक्झॉस्ट' झाला असे म्हणतात. वाफेच्या इंजिनातून काम करून बाहेर पडणाऱ्या वाफेस हा शब्द लागला आणि तेथून तो मोटारीच्या धुरास आला. 'मॅनिफोल्ड' हा मात्र अस्सल इंग्रजी शब्द. त्याचा पूर्वार्ध म्हणजे 'पुष्कळ' आणि उत्तरार्ध 'फोल्ड' हा आपल्या दुप्पट, चौपट, अनेकपट ह्यांतील 'पट' जे काम करतो तेच करणारा. अनेक तोंडे असलेल्या नळीस तो लावण्यात आला. पुढे इंजिनाची शक्ती वाढविण्यासाठी मुद्दाम घडविलेल्या नळ्यांना ऑस्ट्रेलियात 'एक्स्ट्रॅक्टर', म्हणजे बाहेर ओढून काढणारे, असे नाव पडले. अमेरिकेत त्यांना 'हेडर' म्हणतात, आणि तो शब्द बाष्पकांच्या कारखान्यातील मुख्य नळाच्या नावावरून आलेला दिसतो.

ह्या व्युत्पत्ती येथे देण्याचे कारण असे की, जुन्या शब्दांत जो अर्थ दडलेला आहे तोच सामान्य समजुतीत हरवला आहे. सामान्य समजूत अशी की, इंजिन धूर ढकलून बाहेर काढते आणि नळीचे काम त्यास वाट देण्याचे. म्हणून वाट जितकी रुंद तितकी शक्ती अधिक. दुसरी, तितकीच प्रचलित समजूत ह्याच्या उलट आहे. तिच्या मते इंजिनास मागून थोडा दाब लागतोच, म्हणून नळी फार मोकळी असू नये. दोन्ही समजुतींत नळी निष्क्रिय आहे. वस्तुतः योग्य लांबीची व योग्य ठिकाणी जोडलेली नळी धूर उपसते. तो कसा, हे पाहण्यासाठी इंजिनाच्या शिरोभागाची रचना ध्यानी घ्यावी लागेल.

चार सिलिंडर म्हटले म्हणजे मिश्रण आत घेणाऱ्या चार झडपा आणि धूर सोडणाऱ्या चार झडपा आल्या. ह्या आठ झडपांसाठी शिरोभागाच्या बिडात आठ स्वतंत्र द्वारे असावीत, हे सरळ. ए-सीरीजच्या शिरोभागात द्वारे पाचच आहेत आणि ती सर्व एकाच बाजूस आहेत. एका टोकाकडून मोजू लागल्यास क्रम असा : पहिल्या सिलिंडरचे निर्गमद्वार, पहिल्या व दुसऱ्याचे मिळून एक आगमद्वार, दुसऱ्या व तिसऱ्याचे मिळून एक निर्गमद्वार, तिसऱ्या व चौथ्याचे मिळून एक आगमद्वार, आणि शेवटी चौथ्याचे निर्गमद्वार. अशी काटकसर का केली, ह्याचे उत्तर इंजिनाच्या त्याच बाजूस सापडते. झडपा उचलणारा कॅमचा दांडा आणि त्यावरून वर जाणाऱ्या आठ पुशरॉड ह्याच बाजूने जातात. डायनॅमो, वितरक इत्यादी विजेची साधने दुसऱ्या बाजूस, उष्णतेपासून दूर व हात सहज पोहोचेल अशी ठेवलेली आहेत. दांड्या जाऊन उरलेल्या जागेत आठ द्वारे बसविणे कठीण होते. शिवाय लहान, स्वस्त आणि टिकाऊ इंजिन हवे होते. शर्यतीचा विचार त्या वेळी कोणाच्या मनात असण्याचे कारण नव्हते. आराखड्याचे काम ऑस्टिनमधील एरिक बेअरहॅम ह्यांनी केले. ज्वलनकक्षाचा आकार हॅरी वेस्लेक ह्यांच्या कल्पनेप्रमाणे बदामी ठेवण्यात आला. आठशे घनसेंटिमीटरांच्या गाडीस ही योजना उत्तम होती, आणि तिच्या कर्त्यांस दोष देण्याची जी प्रथा पुढील काळातील लिखाणात दिसते ती आम्हांस न्याय्य वाटत नाही.

दोन सिलिंडरांत सामाईक असलेल्या द्वारास इंग्रजीत 'सायमीज' द्वार म्हणतात. हा शब्द १८११ साली सयाम देशात जन्मलेल्या चँग आणि एंग ह्या जुळ्या भावांवरून आला. त्यांची शरीरे छातीजवळ जोडलेली होती. जगभर प्रदर्शने करून ते अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात शेती करू लागले आणि तेथेच १८७४ साली काही तासांच्या अंतराने वारले. मराठी वृत्तपत्रांतही 'सयामी जुळी' हा शब्द रूढ झाला. दोन माणसांचे शारीरिक दुर्दैव हे एका देशाचे विशेषण बनावे आणि मग ते बिडाच्या भोकास लागावे, हा शब्दार्थाचा प्रवास विचित्र खरा. आज वैद्यकात ही संज्ञा टाळतात. सयामचे नावही थायलंड झाले. इंजिनांच्या ग्रंथांत मात्र ती टिकून आहे. आणि तिच्यातील 'व्यंग' ही छटाही टिकून आहे. द्वार सयामी म्हटले की ते सदोष, असा वाचकाचा ग्रह आपोआप होतो. हा ग्रह निम्मा खरा आणि निम्मा खोटा आहे, आणि मॅनिफोल्डच्या निवडीचे सर्व मर्म त्यात आहे.

ह्या इंजिनात स्फोटांचा क्रम एक, तीन, चार, दोन असा आहे. क्रँकच्या प्रत्येक अर्ध्या फेऱ्यास, म्हणजे १८० अंशांस, एक सिलिंडर पेटतो आणि त्याच अंतराने एकेक सिलिंडर आपला धूर सोडतो. आता सिलिंडरांऐवजी द्वारे मोजावी. पहिल्याचा धूर टोकाच्या द्वाराने. तिसऱ्याचा मधल्या द्वाराने. चौथ्याचा दुसऱ्या टोकाच्या द्वाराने. दुसऱ्याचा पुन्हा मधल्या द्वाराने. म्हणजे टोक, मध्य, टोक, मध्य असा अखंड आलटून पालटून चालणारा ताल आहे. आम्ही हा क्रम प्रथम कागदावर मांडला तेव्हा त्यातील नियमितता पाहून चकित झालो, कारण तोवर वाचलेल्या वर्णनांतून पाच द्वारांची रचना म्हणजे निव्वळ गैरसोय असेच वाटत होते.

ह्या तालाचे फळ काय? धूर सोडणारी झडप साध्या रस्त्यावरच्या इंजिनात सुमारे २३० ते २५० अंश उघडी असते. लागोपाठचे दोन सिलिंडर १८० अंशांच्या अंतराने धूर सोडतात. म्हणून त्यांच्या झडपा ५० ते ७० अंश एकाच वेळी उघड्या राहतात. पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या वर येऊन धुराचा शेवटचा अंश बाहेर काढीत असतो आणि नवे मिश्रण घेणारी झडप नुकतीच उघडत असते, नेमक्या त्याच वेळी तिसऱ्याची झडप उघडते आणि त्यातील कोंडलेला धूर मोठ्या दाबाने नळीत घुसतो. दोघांच्या नळ्या जवळच मिळाल्या असतील तर तिसऱ्याचा दाब पहिल्याच्या झडपेपर्यंत उलटा पोहोचतो, धूर पुरता निघत नाही आणि नव्या मिश्रणास तेवढी जागा कमी पडते. ह्याच्या उलट पहिला आणि चौथा ह्यांच्यात ३६० अंशांचे अंतर आहे, आणि दुसरा व तिसरा ह्यांच्यातही तेवढेच. एकाची झडप मिटून शंभराहून अधिक अंश गेल्यावर दुसऱ्याची उघडते. त्यांची नळी एक असली तरी ते परस्परांच्या आड येत नाहीत.

ह्यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, मधले सयामी निर्गमद्वार लहरींच्या दृष्टीने निरुपद्रवी आहे. जे दोन सिलिंडर एकत्र केले ते एकत्र करण्यास योग्यच होते. उष्णतेच्या दृष्टीने ते निर्दोष नाही, कारण दोन तप्त झडपा शेजारी आल्यामुळे शिरोभागाचा मधला भाग फार तापतो. परंतु तो प्रश्न वेगळा. खरा उपद्रव आगमद्वारांचा आहे. तेथे पहिला-दुसरा आणि तिसरा-चौथा अशा जोड्या आहेत, आणि त्यांचे श्वास १८० व ५४० अंशांच्या विषम अंतराने पडतात. एक सिलिंडर दुसऱ्याच्या वाट्याचे मिश्रण ओढून घेतो. नाव दोन्हींस एकच असल्यामुळे आगमद्वाराचा दोष निर्गमद्वारासही चिकटला. दुसरी गोष्ट अशी की, ज्या मॅनिफोल्डमध्ये टोकाच्या दोन नळ्या प्रथम एकमेकींस मिळतात आणि त्यांची झालेली एक नळी पुढे बऱ्याच अंतरावर मधल्या नळीस मिळते, तोच ह्या तालास अनुरूप होय. मोटारविद्येत ज्यास चार-दोन-एक रचना म्हणतात तीच ही. फरक इतकाच की, येथे मधल्या जोडीचा संगम शिरोभागाच्या आतच झालेला आहे. बाहेर करावयाचा तो टोकाच्या जोडीचा.

'लाँग सेंटर ब्रँच' ह्या नावाचा अर्थ आता लागतो. मधली शाखा लांब आहे म्हणून शक्ती मिळते, असे नाव वाचून वाटते. प्रत्यक्षात मधली शाखा लांब दिसते, कारण टोकाच्या दोन शाखांचा संगम होऊन त्यांचा एकत्र प्रवाह बराच पुढे येईपर्यंत तिला स्वतंत्र ठेवलेले आहे. नाव पडले ते डोळ्यांना दिसणाऱ्या खुणेवरून. कारण नावाबाहेर राहिले. ही रचना प्रथम कोणाची, ह्याविषयी जाणकारांच्या परंपरेत विल्टशायर परगण्यातील डाउन्टन गावी कारखाना चालविणारे डॅनियल रिचमंड ह्यांचे नाव घेतले जाते. १९६० च्या दशकात बी.एम.सी.ने कूपर-एसच्या कामी त्यांचा सल्ला घेतला होता, हे लक्षात घेता ही परंपरा विश्वसनीय वाटते. तथापि अशा वस्तूंचा जन्म कारखान्याच्या बाकावर, नळ्या कापून आणि पुन्हा सांधून होत असतो; ज्या हातांनी ते सांधे घातले त्यांची नावे परंपरा राखीत नाही.

लांबीचा प्रश्न राहिला. झडप उघडताच सुटणारा दाब नळीतून लहरीच्या रूपाने धावतो. तप्त धुरात तिचा वेग सेकंदास साधारणतः ५०० ते ६०० मीटर असतो. नळी जेथे एकदम रुंदावते किंवा दुसरीस मिळते तेथून ह्या लहरीचा काही अंश परत फिरतो आणि परतताना तो दाबाऐवजी ओढ घेऊन येतो. ही ओढ झडपेशी नेमकी दोन्ही झडपा किंचित उघड्या असलेल्या क्षणी पोहोचली, तर उरलासुरला धूर उपसला जातो आणि नवे मिश्रण आत येण्यास मदत होते. लॅटिन धातूचा अर्थ येथे अक्षरशः खरा होतो. परंतु मिनिटास ५,००० फेरे होत असता अर्ध्या फेऱ्यास सहा सहस्रांश सेकंद लागतात आणि तेवढ्यात लहर सुमारे तीन मीटर जाऊन येते. २,५०० फेऱ्यांना तिला त्याच्या दुप्पट वेळ मिळतो. म्हणून कोणतीही एक लांबी सर्व वेगांस साधत नाही. तिन्ही शाखा एकाच ठिकाणी मिळणाऱ्या 'थ्री-इन्टू-वन' मॅनिफोल्डचा लाभ वरच्या वेगांच्या एका अरुंद पट्ट्यात एकवटतो. आमच्या स्नेह्यांची चढावरची ओढ गेली ती ह्यामुळे. दोन निरनिराळ्या अंतरांवर संगम असलेल्या रचनेत परतणाऱ्या लहरीही दोन अंतरांवरून येतात आणि लाभ विस्तृत पट्ट्यात पसरतो. डेव्हिड व्हिझर्ड ह्या ब्रिटिश तज्ज्ञाचा ए-सीरीजच्या इंजिनावरील ग्रंथ ह्या क्षेत्रात प्रमाण मानला जातो. त्याच्यासारख्यांनी शक्तिमापकावर नळ्या पारखण्याची शिस्त घालून दिल्यावर रस्त्यावरच्या गाडीसाठी लांब मधल्या शाखेचा पक्ष बळकट झाला.

मिनीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. ॲलेक इसिगोनिस ह्यांनी इंजिन आडवे बसवून आणि गिअरपेटी त्याच्या पोटात घालून गाडीची लांबी वाचविली. पहिल्या नमुना-गाड्यांत कार्ब्युरेटर व धुराची द्वारे पुढच्या बाजूस होती. मग इंजिन १८० अंशांत फिरवून ती मागे, चालकाच्या पायांपुढील पत्र्याकडे नेण्यात आली. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरत असे हे कारण सर्वत्र सांगितले जाते. गिअरांवर येणारा ताण हे दुसरे कारणही कोणी देतात. परिणाम असा की, निष्कास-नळीस इंजिन व पत्रा ह्यांच्यामधील चिंचोळ्या जागेतून खाली उतरून गाडीच्या तळाशी जावे लागते. मायनर किंवा स्प्राइटमध्ये इंजिन उभे असल्यामुळे ही अडचण नाही, आणि म्हणूनच एका गाडीचा मॅनिफोल्ड दुसरीस लागत नाही. शिवाय आडवे इंजिन वेग देताच पुढे-मागे डुलते. त्याच्या रबरी बैठकी सैल झाल्या असतील तर प्रत्येक डुलीबरोबर नळीच्या सांध्यावर ताण पडतो आणि सांधा तडकतो. मूळ मॅनिफोल्ड तडकला म्हणून नवा आणणाऱ्याने आधी ह्या बैठकी पाहाव्यात. आमच्या स्नेह्यांनी ते केले नव्हते.

कारखान्याने मूळ मॅनिफोल्ड बिडाचा आणि आखूड का ठेवला, ह्याबद्दलही न्याय करावयास हवा. बीड स्वस्त, शांत आणि दीर्घायुषी असते. शिवाय साध्या प्रकारात धुराची उष्णता मिश्रणाच्या नळीस मिळावी म्हणून दोन्ही नळ्या एकमेकींस चिकटून ठेवलेल्या असतात. इंग्लंडच्या थंडीत सकाळी इंजिन सुरळीत चालण्यास तिचा उपयोग होतो. पोलादी नळ्यांचा मॅनिफोल्ड बसविणाऱ्यास ही ऊब बहुधा सोडावी लागते. नळ्या पातळ असल्याने आवाज वाढतो, आणि साधे पोलाद गंजते. उष्णता आत राखण्यासाठी नळ्यांना पट्ट्या गुंडाळण्याची जी पद्धत आहे तिने पावसाळी हवेत ओल धरून गंज लवकर चढतो. पट्ट्यांपेक्षा चिनी मातीसदृश लेप बरा, पण त्यास पैसे अधिक पडतात.

मधली पायरीही होती, हे विसरता कामा नये. १९६१ च्या कूपरला दोन कार्ब्युरेटरांबरोबर कारखान्याने तीन शाखांचा मोकळा मॅनिफोल्ड दिला होता. ॲबिंग्डन येथील बी.एम.सी.च्या स्पर्धा विभागाच्या मिनी गाड्यांनी १९६४, १९६५ आणि १९६७ साली माँटे कार्लोची शर्यत जिंकली. १९६६ साली त्या पहिल्या आल्या असताही दिव्यांच्या नियमावरून बाद ठरविण्यात आल्या. ह्या यशानंतर साध्या मिनीच्या मालकासही शर्यतीच्या नळीची ओढ लागली, आणि १९६४ साली ॲबिंग्डन येथेच सामान्य ग्राहकांसाठी 'स्पेशल ट्यूनिंग' विभाग उघडला गेला. परंतु शर्यतीचे इंजिन आणि बाजारात जाणारे इंजिन ह्यांच्यात केवळ नळीचा फरक नसतो. कॅमचा आकार बदलला की झडपा अधिक अंश उघड्या राहतात, वरच्या वेगांस जोर येतो, आणि तेथे आखूड संगमाची किंवा रुंद नळी शोभते. मूळ कॅम ठेवून नुसती नळी शर्यतीची घेणे म्हणजे पहिलवानाचा खुराक घेऊन कारकुनी करणे होय.

आमच्या स्नेह्यांच्या ९९८ घनसेंटिमीटरांच्या इंजिनापुरते बोलावयाचे तर निवडीचा निर्णय कठीण नव्हता. कॅम मूळचा, कार्ब्युरेटर एक, प्रवास गावातला व अधूनमधून लांबचा : अशा गाडीस लांब मधल्या शाखेचा मॅनिफोल्ड, आणि तोही मोठ्या इंजिनासाठी केलेल्या रुंद नळ्यांचा नव्हे तर बेताच्या व्यासाचा. नळी फार रुंद झाली की धुराचा वेग मंदावतो आणि संथ चालीतील लाभ जातो. त्यामागची नळी व सायलेन्सर मूळचेच अरुंद ठेवल्यास पुढचा खर्च बराचसा वाया जातो, म्हणून तेही बदलावे लागतात. आणि एक गोष्ट विक्रेते सांगावयास बहुधा विसरतात. इंजिन अधिक मोकळेपणी श्वास घेऊ लागले की मिश्रण विरळ होते, एस.यू. कार्ब्युरेटरची सुई बदलून ते पुन्हा दाट करून घेतले नाही, तर शक्ती वाढण्याऐवजी निर्गमाच्या झडपा जळण्याची भीती. अनुभवी मंडळी नळी, हवेची गाळणी आणि सुई ह्यांचा एक संच मानतात, त्याचे कारण हेच. १९९० च्या दशकातील इंधन-फवारणीच्या मिनींची गोष्ट निराळी. त्यांत धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक आणि प्राणवायू मोजणारा संवेदक ह्यांना जागा ठेवावी लागते, आणि जुन्या गाडीसाठी केलेली नळी तेथे निमूटपणे बसत नाही.

कारखान्यासही हा ताल पुढे उमगला, असे मानण्यास आधार आहे. १९८२ सालच्या एम.जी. मेट्रो ह्या गाडीत ए-सीरीजचेच १,२७५ घनसेंटिमीटरांचे सुधारलेले इंजिन होते. तिचा मॅनिफोल्ड बिडाचाच, परंतु त्यास खाली दोन तोंडे ठेवली होती. मधल्या द्वाराचा प्रवाह एका तोंडातून आणि टोकांच्या द्वारांचा दुसऱ्यातून निघून दोन नळ्यांनी खाली जाई व मग ते मिळत. बिडाचा टिकाऊपणा आणि ताल असे दोन्ही साधणारी ही रचना आम्हांस सर्वांत समंजस वाटते, आणि जुन्या मिनीचे काही मालक मोडीतील मेट्रोचा मॅनिफोल्ड शोधतात ते ह्यामुळे. ज्यांनी आठ स्वतंत्र द्वारांचे नवे शिरोभाग शर्यतींसाठी ओतून घेतले, त्यांनी हा सर्व प्रश्नच मिटविला. परंतु ते खर्चाचे काम होते आणि सामान्य मालकाच्या आवाक्यातले नव्हते.

आपल्याकडील मोटार-कारागीर इंजिनापासून गाडीच्या मागच्या टोकापर्यंतच्या साऱ्या नळीस सरसकट 'सायलेन्सर' म्हणतो, म्हणजे आवाजाच्या अंगाने तिची ओळख करून देतो. 'निष्कास-नळी' हा शब्द आम्ही ह्या लेखात सोयीसाठी वापरला. तो 'बाहेर काढणे' एवढेच सांगतो, उपसणे सांगत नाही, आणि त्याहून चांगला शब्द सुचल्यास आम्ही तो आनंदाने स्वीकारू. मिनी पाहण्याची संधी नसलेल्या वाचकासही पाच द्वारे प्रत्यक्ष पाहता येतील. उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होत असलेल्या ॲम्बॅसडरमध्ये बरीच वर्षे जे १,४८९ घनसेंटिमीटरांचे पेट्रोल इंजिन बसविले जात असे, ते बी.एम.सी.च्याच 'बी-सीरीज' घराण्यातले. त्यातही द्वारे एकाच बाजूस, पाच, आणि ह्याच क्रमाने आहेत. स्फोटांचा क्रमही एक, तीन, चार, दोन हाच. जुन्या ॲम्बॅसडरचे झाकण उचलून बिडाच्या मॅनिफोल्डकडे पाहिल्यास धुराच्या तीन शाखा मोजता येतात. आमच्या स्नेह्यांनी लांब मधल्या शाखेचा मॅनिफोल्ड मागविला, पण बसविण्यापूर्वी इंजिनाच्या बैठकी बदलल्या, असे त्यांचे गेल्या महिन्यातील पत्र सांगते. सुई अजून बदलावयाची आहे.